पाणी उतरल्यावर रोप मान का टाकतं, आणि पुन्हा कसं उठतं?

कोल्हापूरच्या पंचगंगेचं पाणी रानातून उतरलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक प्रश्न हमखास कानावर येतो. आमच्या मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या रानाच्या, बांधावर उभं राहून आबांनी तो पहिल्यांदा विचारला, तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. "आरं, पाण्यात हुतं तवर हिरवंगार दिसत हुतं की. पाणी गेलं, ऊन पडलं आणि दुपारपतूर सगळ्यानं मान टाकली. पाण्यात जगलं ते कोरड्यात मेलं कसं?"

या प्रश्नाचं उत्तर नीट कळलं, तर पुरानंतरच्या पंधरा-वीस दिवसांत काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे बरंचसं ठरून जातं. म्हणून हा लेख.

पूर आपल्याला नवा नाही. २००५, २०१९, २०२१ ही सालं घराघरांत तोंडपाठ आहेत. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. हे आकडे बातम्यांत येतात, कारण ते नदीचे आहेत. रानाचा पूर वेगळा असतो. नदी पात्रात परतली तरी काळ्या रानात, खोलगट वाफ्यात, बांधाच्या पोटाला पाणी आठवडाभर बसून राहतं. आणि पूर आलेला नसतानाही, जुलैच्या सलग झडीत एखादं चिबड, म्हणजे पाणी न निचरणारं, रान आतून तसंच गुदमरलेलं असतं. त्याची बातमी होत नाही, पण रोपाच्या मुळाशी घडतं ते तेच.

मातीत हवा कुठे असते?

भडंगाचा डबा डोळ्यांसमोर आणा. डबा भरलेला दिसतो, पण चुरमुऱ्यांच्या मधल्या फटींत हवाच हवा असते. मातीही तशीच. चांगल्या रानातली एक घमेलं माती घेतली, तर त्यात साधारण निम्माच भाग मातीच्या कणांचा असतो. उरलेला निम्मा म्हणजे फटी. त्यांतल्या अर्ध्या पाण्यानं आणि अर्ध्या हवेनं भरलेल्या असल्या की रान उत्तम स्थितीत आहे असं समजायचं.

शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. वाफसा म्हणतात तो हाच, आपल्याकडे "रानाला घात आली" म्हणतात ती हीच. जुन्या माणसांनी फटी मोजल्या नव्हत्या, पण मातीत पाणी आणि हवा दोन्ही असायला हवीत हे त्यांनी एका शब्दात बांधून ठेवलं. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. पुढचं सगळं त्याच्याभोवतीच फिरतं.

रान पाण्याखाली गेलं की फटींतली हवा निघून जाते आणि तिथे पाणी बसतं. पाण्यात ऑक्सिजन विरघळतो, पण किती? एक लिटर हवेत तो पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो, एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम. शिवाय पाण्यातून तो हवेच्या मानानं सुमारे १०,००० पट हळू पसरतो. म्हणजे साठा थोडा आणि वाहतूक त्याहून वाईट. मातीत मुळं एकटी नसतात. कोट्यवधी जिवाणूही तोच ऑक्सिजन वापरत असतात. त्यामुळे एक-दोन दिवसांत तुंबलेल्या मातीतला ऑक्सिजन जवळजवळ संपतो. पाणी गरम असेल तर आणखी लवकर. म्हणून ढगाळ हवेतलं वाहतं, गार पाणी रोपाला त्यातल्या त्यात सोसतं. पूर थांबून वर ऊन पडलं आणि वाफ्यात कोमट, गढूळ पाणी उरलं, की तेच पाणी जीवघेणं होतं.

चुलवाणाला हवा मिळाली नाही तर

पानं हवेतून श्वास घेतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मुळंही श्वास घेतात, आणि आपला ऑक्सिजन ती बहुतेक मातीतल्या हवेतूनच मिळवतात. पानांनी उन्हात बनवलेली साखर मुळापर्यंत येते. मूळ ती ऑक्सिजनच्या मदतीनं जाळतं आणि त्यातून कामाला ऊर्जा मिळते.

गुऱ्हाळाचं चुलवाण आठवा. चिपाडं तीच असतात. हवा नीट खेळत असेल तर जाळ भरभरून लागतो आणि काहील उकळते. हवा कोंडली की तीच चिपाडं नुसती धुमसतात. धूर भरपूर, उष्णता नाही. मुळाचं अगदी असंच होतं. ऑक्सिजन असेल तर साखरेच्या एका रेणूतून ऊर्जेची सुमारे ३० नाणी मिळतात. नसेल तर फक्त २. साखर पुष्कळ खर्च होते आणि काम थोडं होतं.

आणि धुराच्या जागी काय तयार होतं? उसाचा रस काहिलीत न घालता तसाच ठेवला तर आंबतो. गुदमरलेल्या मुळाच्या पेशीतही साखर आंबते, मद्यार्क आणि आम्ल साठतं. मोठ्या झाडाकडे साखरेचा साठा असतो, ते काही दिवस असं ढकलू शकतं. दोन-तीन पानांच्या रोपाकडे साठा कुठला? त्यात गढूळ पाण्याखाली ऊन पोचत नाही, म्हणजे नवी साखर बनायचीही बंद. म्हणून एकाच वाफ्यात, एकाच पाण्याखाली, पंचवीस दिवसांचं रोप तगतं आणि आठ दिवसांचं जातं.

सगळीकडे पाणी आणि रोप तहानलेलं

पुरात उभं असलेलं रोप पाणी पिऊ शकत नाही. ऐकायला विचित्र वाटेल, पण कोल्हापूर शहरातल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहराच्या चारही अंगांनी पाणी होतं आणि नळ मात्र कोरडे होते, कारण पाणी उपसणारी केंद्रंच बुडाली होती. लोक टँकरची वाट बघत होते.

मुळाच्या पेशींवर पाणी आत घेणारी सूक्ष्म दारं असतात. पेशीत आम्ल वाढलं की ही दारं बंद होतात. शिवाय मातीतून अन्नद्रव्यं खेचून घ्यायला ऊर्जा लागते, आणि ती तर आटलेली. मूळ पाण्यात आणि पान तहानलेलं, अशी स्थिती होते. टोमॅटो आणि मिरचीच्या रोपांत हे लगेच दिसतं. वाफ्यात एक दिवस पाणी साठलं तरी पानं खाली वळून लोंबतात. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलंय, आणि काही जण खरंच आणखी पाणी सोडतात.

आढीत कोंडलेला वास

इथपर्यंत सगळं नुकसानीचं झालं. पण रोप हातपाय गाळून बसत नाही.

आंब्याची आढी कशी पिकते? आंब्यातून एथिलीन नावाचा वायू बाहेर पडत असतो. गवतात कोंडला की तो साठतो आणि फळ पिकतं. हाच वायू प्रत्येक झाड थोडाथोडा सोडत असतं. एरवी तो हवेत उडून जातो. रोप पाण्याखाली गेलं की त्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही, तो आतच साठतो. आढीत आंब्याला जशी पिकायची खूण मिळते, तशी रोपाला खूण मिळते की आपण पाण्याखाली आहोत.

दुसरी खूण ऑक्सिजनचीच. पेशीत काही प्रथिनं सतत बनत असतात आणि ऑक्सिजन आहे तोवर सतत मोडलीही जात असतात. ऑक्सिजन संपला की मोडणं थांबतं, ती प्रथिनं साठतात आणि आणीबाणीची कामं सुरू करतात. वनस्पतींमधली ही यंत्रणा २०११ मध्ये उलगडली. प्राण्यांच्या पेशी ऑक्सिजन कसा ओळखतात या शोधाला २०१९ चं नोबेल पारितोषिक मिळालं, ते जाहीर झालं ऑक्टोबरात. तेव्हा आमच्या रानातला गाळ अजून पुरता वाळला नव्हता. त्या दोन गोष्टी माझ्या मनात कायमच्या जोडल्या गेल्या आहेत.

या दोन खुणा मिळाल्यावर रोप काय करतं? एक म्हणजे काटकसर. वाढ थांबवतं, साखर जपून वापरतं. दुसरं, मुळाच्या आतल्या काही पेशी स्वतःहून मरतात आणि तिथे पोकळ नळ्या तयार होतात. पानांकडची हवा या नळ्यांतून मुळापर्यंत उतरते. तिसरं, खोडाच्या बुंध्यातून, पाण्याच्या पातळीजवळ, नवी मुळं फुटतात. पुराचं पाणी चढल्यावर माणसं पोटमाळ्यावर संसार हलवतात, तसंच काहीसं. जुनं मूळ खाली कुजत असतं आणि नवं मूळ वर हवेच्या जवळ फुटत असतं. पूर गेल्यावर रोप उठतं ते बहुतेक या नव्या मुळांच्या जिवावर.

मग पाणी उतरल्यावरच का मरतं?

आता आबांच्या प्रश्नाकडे. याला दोन कारणं आहेत आणि दोन्ही एकाच दुपारी येऊन भिडतात.

धुमसणाऱ्या चुलवाणाचं दार एकदम उघडलं तर काय होतं ते जाळव्याला विचारा. भडका उडतो. बरेच दिवस ऑक्सिजनविना राहिलेल्या पेशींत तो अचानक शिरला की तसंच घडतं. पेशीतली यंत्रणा मोडकळीला आलेली असते, तिला तो नीट वापरता येत नाही आणि त्यातून फार तीव्र, चटका देणारे रेणू तयार होतात. ते पेशींची आवरणं फोडतात. याला पुनर्श्वासाची इजा म्हणता येईल. ज्या हवेची वाट बघितली तीच पहिले काही तास भाजते.

दुसरं कारण अधिक साधं. पाण्याखाली पानातून बाष्प उडत नव्हतं. पाणी उतरलं, ऊन लागलं, पान पाणी मागू लागलं. द्यायचं कुणी? जुनी मुळं निम्मी कुजलेली, नवी अजून बोटभरही नाहीत. मागणी एका दिवसात वाढली आणि पुरवठा आधीच मोडलेला. म्हणून दुपारपर्यंत मान पडते.

म्हणजे ते रोप कोरड्यात मेलेलं नसतं. मुळं पाण्यातच गेलेली होती, फक्त पान भिजलेलं असल्यामुळे ती बातमी आपल्यापर्यंत पोचली नव्हती. म्हणूनच पाणी ओसरल्यावर तीन-चार दिवस ढगाळ राहिले तर बरं असतं. पुरानं वैतागलेला माणूस उघडीप मागतो आणि ते बरोबरच आहे, पण रोपाला त्या वेळी थोडी सावली हवी असते. भाजीपाल्याच्या रोपवाटिकेवर शेडनेट असेल तर या दिवसांत ते काढू नये.

"पण भात तर पाण्यातच वाढतं की!"

वाढतं. गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या पट्ट्यात तर चिखलणी करून, गुडघाभर चिखलातच लावण होते. कारण भाताच्या मुळात हवेच्या नळ्या आधीपासूनच तयार असतात. आणि त्या नळ्यांतून खाली आणलेली हवा वाटेत गळू नये म्हणून मुळाच्या बाहेरच्या कातडीला अस्तरही असतं. जुन्या विहिरीच्या पाइपला गळती नसावी तसं.

पण हे सगळं पानाचं टोक पाण्याबाहेर असेल तोवरच. टोक बुडालं की नळीचं तोंडच बुडालं. त्यावर बहुतेक जाती एकच उपाय करतात, भराभर उंच होऊन बाहेर डोकावायचा. पाणी हळूहळू चढत असेल आणि बरेच महिने राहणार असेल तर हा उपाय चांगला. आठ दिवसांत येऊन जाणाऱ्या पुरात मात्र तो घात करतो. सगळी साखर उंच होण्यात संपते, पाणी उतरतं आणि लांबट, पिळपिळीत रोप आडवं होतं.

ओडिशातल्या एफआर १३ ए नावाच्या एका जुन्या भातात वेगळाच स्वभाव सापडला. पूर्ण बुडालं की ते वाढणंच थांबवतं आणि साखर राखून ठेवतं. या स्वभावामागचं जनुक २००६ मध्ये ओळखलं गेलं. त्याला सब १ म्हणतात. ते नेहमीच्या संकरानं स्वर्णा या लोकप्रिय जातीत आणलं गेलं, आणि ही स्वर्णा सब १ भारतात २००९ मध्ये लागवडीसाठी आली. साधं भात पूर्ण बुडालं तर आठवड्याभरात बहुतेक जातं, हे दोन आठवड्यांच्या आसपास तगतं. गंमत अशी की हे जनुक पाणी उतरल्यानंतरच्या भडक्यातही रोपाला सांभाळतं.

आपल्या शेतकऱ्यासाठी यातलं कामाचं इतकंच, की तरवा, म्हणजे भाताची रोपं, पूर्ण बुडाला असेल तर किती दिवस बुडाला ते मोजा. टोकं बाहेर असतील तर फारशी काळजी नको.

"ऊस तर नदीकाठचाच, त्याला काय होतंय?"

मोठ्या उसाबद्दल हे बरंचसं खरं आहे. कांड्या-कांड्यांवर मुळ्या फोडून तो उभा राहतो. त्याचा जीव शेंड्यात असतो. पोंगा, म्हणजे शेंड्याची कोवळी पानांची गुंडाळी, पाण्याच्या वर राहिला तर ऊस बहुधा वाचतो. पोंग्यात गाळ बसला, शेंडा कुजला, तर वाढ तिथेच थांबते आणि खालच्या डोळ्यांतून पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब, फुटतात. शेत पुन्हा हिरवं दिसतं खरं, पण त्या हिरवेपणावर विसंबू नका. साठलेली साखर त्या पांगशा खात असतात.

रोपाची गोष्ट वेगळी. जुलै-ऑगस्टमधली आडसाली, म्हणजे दीड वर्षाच्या उसाची, लागण पुराच्या अगदी तोंडावर सापडते. कांडीला आधी फुटणारी मुळं कांडीची असतात, तात्पुरती. कोंबाची स्वतःची, कायमची मुळं नंतर येतात. या दोन्हींच्या मधल्या दिवसांत पाणी साठलं तर तात्पुरती गेलेली आणि कायमची आलेली नाहीत, अशा कात्रीत कोंब सापडतो. ट्रेमध्ये वाढवलेली रोपं याबाबतीत थोडी पुढे असतात, कारण लावताना त्यांची मुळांची गड्डी तयार असते. तरी ती सरीच्या तळाला लावली असतील तर पाणी आधी त्यांच्याच मुळाशी.

रोप जिवंत आहे की गेलं?

पाणी उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी रानाकडे बघून निर्णय घेऊ नका. निदान तीन ते पाच दिवस द्या. पंचनाम्यासाठी फोटो मात्र पहिल्याच दिवशी काढून ठेवा.

मग चार-पाच ठिकाणची रोपं हळूच उपटा. मूळ पांढरं, कडक असेल तर जिवंत. तपकिरी असेल आणि चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल सुटून आत नुसता दोरा उरत असेल तर ते मूळ गेलं. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर मातीत अजून हवा पोचलेली नाही. बुंध्याजवळ पांढरे, नाजूक टोकदार फुटवे दिसले तर आनंद माना, ती नवी मुळं आहेत.

त्यानंतर वाढीचा कोंब बघा. मका लहान असताना, साधारण सहा पानांपर्यंत, त्याचा कोंब जमिनीच्या आत असतो. वरची पानं गेली तरी तो शाबूत असू शकतो, पण पाणी साठलं की सगळ्यात आधी तोच बुडतो. खोड उभं चिरून बघा. आत पांढरट-पिवळा, टणक असेल तर आशा आहे, मऊ आणि मळकट असेल तर नाही. सोयाबीनचा कोंब वर असतो, आणि तो गेला तरी पानांच्या बेचक्यातून नवे फुटतात.

सोयाबीनच्या मुळावरच्या गाठीही फोडून बघा. आत गुलाबी असेल तर गाठ काम करते आहे. तो गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतल्या द्रव्याचा असतो आणि तोही ऑक्सिजनच सांभाळतो. पुरानंतर गाठी हिरवट किंवा राखी निघतात. हवा परतली की नव्या गाठी धरतात, पण त्याला दोन-तीन आठवडे जातात आणि तोवर पीक पिवळं राहणार.

"पिवळं पडलंय, युरिया टाकला की हिरवं होईल"

ही चूक आमच्या घरात झाली आहे. २०२१ च्या पुरानंतर पाणी उतरलं त्याच आठवड्यात आम्ही ओल्या रानात युरिया फेकला. पिवळं शिवार बघवत नव्हतं. पैसे गेले, पीक तसंच राहिलं.

तालमीत पैलवान टायफॉइडमधून उठला तर वस्ताद त्याला पहिल्या दिवशी शेरभर दूध आणि बदाम देत नाही. पोट पचवायच्या स्थितीत नसतं. आधी पेज, मग हळूहळू खुराक. रोपाचं पोट म्हणजे मूळ. मूळच नाही तर युरिया घेणार कोण? शिवाय तुंबलेल्या मातीत नत्राची वाट लागते. हवा नसलेल्या मातीतले जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि उरलेलं नत्र वायू होऊन उडून जातं. काही पाण्याबरोबर खाली झिरपतं. आधीचं नत्र असंच गेलं म्हणून तर रोप पिवळं पडलं, आणि आपण त्याच गळक्या घागरीत आणखी ओततो.

पेज द्यायची ती पानातून. नवं पान हलायला लागलं की १ ते २ टक्के युरियाची फवारणी, म्हणजे लिटरला १० ते २० ग्रॅम, सकाळी किंवा उन्हं कलल्यावर. पानांवर गाळ बसला असेल तर आधी साध्या पाण्यानं धुऊन घ्या. जमिनीतून खत द्यायचं ते घात आल्यावर, पांढरी मुळं दिसल्यावर, आणि तेही हप्त्याहप्त्यानं.

सगळा पिवळेपणा नत्राचा नसतो. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. उसात याला केवडा पडला म्हणतात. चुनखडीच्या काळ्या रानात पाणी साठल्यावर तो हमखास दिसतो. मातीत लोह असतं, पण त्या स्थितीत मुळाला घेता येत नाही. बऱ्याचदा घात आली की आपोआप कमी होतो. नाहीच झाला तर ०.५ टक्के फेरस सल्फेट पानांवर फवारतात, लिटरला ५ ग्रॅम.

मुळकुज रोखायला ट्रायकोडर्मा वापरणार असाल तर त्यात रासायनिक बुरशीनाशक मिसळू नका. ट्रायकोडर्मा ही स्वतः एक बुरशी आहे.

हवा परत आत कशी न्यायची

खत, औषध, संजीवक या सगळ्यांच्या आधी हे. खालच्या बांधाला चर काढा, सऱ्यांची तोंडं मोकळी करा, पाण्याला उतार द्या. एक दिवस लवकर निचरा झाला तर त्याची बरोबरी कुठलीही बाटली करू शकत नाही. यात मला जराही शंका नाही.

नंतर थांबा. हा भाग सगळ्यांत अवघड. ओल्या रानात ट्रॅक्टर किंवा औत घातलं तर उरल्यासुरल्या फटीही दाबल्या जातात, आणि पुरानं केलं नसेल एवढं नुकसान आपण करतो. घात आली का हे बघायला चार बोटं खालची मूठभर माती घ्या आणि लाडू वळा. कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडा. फुटून विखुरला तर घात आली. नुसता चपटा झाला तर अजून नाही.

घात आली की हलकी कोळपणी करा. खोल नको, बुंध्याजवळची नवी मुळं वरच्या वरच असतात.

"गाळ आला म्हणजे रान सुपीक झालं ना?"

पुढच्या काही वर्षांसाठी कदाचित. उभ्या पिकासाठी नाही. महापुराचा बारीक गाळ वाळला की त्याची सिमेंटसारखी खपली बसते आणि जमिनीचं नाक बंद होतं. वरून रान कोरडं, भेगाळलेलं दिसतं आणि खाली माती अजून गुदमरलेलीच. ही खपली फोडणं हाच त्या कोळपणीचा खरा उपयोग. तण निघतं तो वरचा फायदा.

दुबार पेरायचं की आहे ते राखायचं?

सोयाबीन ४५ बाय ५ सेंटिमीटरवर पेरलं तर एका मीटरच्या ओळीत २० रोपं असायला हवीत. पुरानंतर दहा ठिकाणी मीटर टाकून मोजा. निम्मी रोपं सारख्या अंतरानं उरली असतील तर राखा. सोयाबीन फांद्या फोडून बरीच भरपाई करतं. एका कोपऱ्यात दाट आणि बाकी मोकळं असेल तर सरासरीला अर्थ नाही, तो मोकळा तुकडा वेगळा धरा.

दुसरी अडचण तारखेची. सोयाबीनची पेरणी १५ जुलैनंतर करू नये असं सांगतात, आणि आपले मोठे पूर येतात जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टात. म्हणजे पुरानंतर पुन्हा सोयाबीनच पेरणं बहुतेक वेळा बियाण्याचे पैसे घालवणं असतं. तो तुकडा भाजीपाल्याला किंवा पुढच्या पूर्वहंगामी, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावायच्या, उसासाठी तयार करावा, असं माझं मत. शेंडा पार्कचं कृषी संशोधन केंद्र आणि ऊस व गूळ संशोधन केंद्र कोल्हापुरातच आहेत. आपल्या रानाची माती आणि उपटलेली चार रोपं घेऊन तिथे जाऊन विचारता येतं.

वाचलेल्या पिकाची तहान

एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. पुरातून उठलेल्या पिकाची मुळं उथळ असतात. जुनी खोल गेलेली मुळं कुजली, नवी वरच्या चार-सहा बोटांतच पसरली. सप्टेंबरात पावसानं आठ-दहा दिवस ओढ दिली, की शेजारचं माळावरचं पीक खालची ओल पिऊन टवटवीत राहतं आणि मळीतलं, जे महिन्यापूर्वी पाण्यात बुडालेलं होतं, ते आधी कोमेजतं. बघणाऱ्याला वाटतं रोग आला. आबांनाही तसंच वाटलं होतं आणि ते औषध आणायला निघाले होते. आम्ही दोघांनी मिळून एक रोप उपटलं. मुळं पांढरी होती, निरोगी होती, फक्त करंगळीएवढी लांब. त्याच संध्याकाळी मोटर सुरू केली आणि पुरातून वाचलेल्या रानाला सगळ्यांच्या आधी पाणी दिलं. हलकं, सरी भिजेल इतकंच.